बाहेरच्या तापमानाचा सेन्सर चुकतोय? छोट्या विमानांच्या मालक-वैमानिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनेलच्या कोपऱ्यात बाहेरच्या हवेचं तापमान दाखवणारा एक बारीक आकडा असतो. तो बंद पडला की लोक विचारतात, "नवा प्रोब कुठला घेऊ?" आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी याच वाक्यानं संपतात. पण प्रोब बदलून दुखणं तसंच राहिलेली विमानं आम्ही इतकी पाहिली आहेत की आधी मोजायचं आणि मगच खरेदी करायची, एवढं तरी सगळ्यांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ओएटी प्रोब म्हणजे नक्की काय, आणि माझ्या विमानात तो कुठे सापडेल?

ओएटी म्हणजे विमानाबाहेरच्या हवेचं तापमान. ते मोजणारा प्रोब म्हणजे पेन्सिलीच्या जाडीची, बोटाच्या पेराएवढी बाहेर आलेली धातूची नळी. तिच्या टोकाशी तापमानाबरोबर विद्युत गुणधर्म बदलणारा इवलासा घटक असतो आणि मागून दोन ते चार वायरी निघतात. त्या एअर डेटा कॉम्प्युटरला (हवेचा दाब आणि तापमान घेऊन उंची आणि वेग काढणारं यंत्र), इंजिन मॉनिटरला किंवा जुन्या पॅनेलमध्ये थेट घड्याळाला जोडलेल्या असतात. सेसना १७२ च्या बऱ्याच विमानांत डेव्हट्रॉनच्या घड्याळावर तापमान दिसतं, ते असंच.

प्रोब बहुधा पंखाखालच्या तपासणी झाकणावर, विमानाच्या पोटाखाली किंवा केबिनला ताजी हवा देणाऱ्या व्हेंटच्या तोंडाशी बसवलेला असतो. विंडशील्डमधून आरपार जाणारा गोल डायलचा थर्मामीटर ही मात्र वेगळी गोष्ट. त्यात दोन धातूंची पट्टी असते, वायर नसते, त्यामुळे या पानावरचा विजेचा भाग त्याला लागू नाही. ऊन आणि जागेबद्दलचं सगळं मात्र त्यालाही लागू आहे.

२. एवढ्याशा आकड्यानं काय बिघडतं? मी तर त्याच्याकडे क्वचितच बघतो.

तुम्ही बघत नसलात तरी तुमचा एअर डेटा कॉम्प्युटर सतत बघत असतो. खरा हवाई वेग (हवेतून विमानाचा प्रत्यक्ष वेग), डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची), वाऱ्याचा बाण आणि काही इंजिन मॉनिटरांवरची अश्वशक्तीची टक्केवारी हे सगळं या एका तापमानावर उभं असतं.

एक उदाहरण घेऊ. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाण दाबावर मोजलेली उंची, ३,००० फूट आहे आणि बाहेर खरोखर ३३ अंश सेल्सियस आहे. या उंचीचं प्रमाण तापमान सुमारे ९ अंश, म्हणजे हवा प्रमाणापेक्षा २४ अंशांनी गरम. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड ५,९०० फुटांच्या आसपास येते. प्रोब १० अंश कमी दाखवत असेल तर तुम्ही ४,७०० फूट समजून धावपट्टीचं गणित मांडाल. विमानाला ते १,२०० फूट चुकवता येत नाहीत.

खऱ्या हवाई वेगावर परिणाम त्या मानानं कमी होतो. तो केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १० अंशांच्या चुकीनं फरक पावणेदोन टक्क्यांचा. १४० नॉटला तो अडीच नॉट होतो.

आता दुसरी बाजू. प्रोब खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर टेकऑफचं गणित उलट सुरक्षित बाजूला जातं, पण ढगात शिरताना तोच आकडा घातक ठरतो. पडद्यावर ६ अंश आणि बाहेर प्रत्यक्षात उणे १, अशा वेळी पंखावर बर्फ साचेल असं तुमच्या मनातही येणार नाही. म्हणून "थोडं जास्तच दाखवतो, चालतंय" आणि "थोडं कमीच दाखवतो, चालतंय" ही दोन्ही वाक्यं मला ऐकवत नाहीत. आकड्याऐवजी रेघा दाखवणारा पडदा निदान आपल्याला माहीत नाही हे कबूल तरी करतो. पटण्यासारखा पण चुकीचा आकडा त्याहून वाईट.

३. उभ्या विमानात रीडिंग हवामान अहवालापेक्षा ७-८ अंश जास्त येतं. प्रोब गेला का?

बहुधा नाही. हवामान केंद्राचा थर्मामीटर सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर असतो, आणि अहवालात आकडा पूर्ण अंशात येतो. तुमचा प्रोब तापलेल्या डांबराच्या वर, उन्हानं भाजलेल्या पत्र्याला चिकटून, स्थिर हवेत असतो. तो पत्र्याचं तापमान मोजतोय.

विमान पहाटे हँगरमधून बाहेर काढा, दारं उघडी ठेवून अर्धा तास सावलीत राहू द्या आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी रीडिंग बघा. बाजूला खात्रीचा थर्मामीटर टांगा. दोन्ही एक-दीड अंशाच्या आत असतील तर प्रोब निर्दोष आहे. टेकऑफनंतर दोन-तीन मिनिटांत रीडिंग खाली येऊन स्थिरावत असेल तर तो फक्त साठलेल्या उष्णतेचा परिणाम. हवेतही जास्तच राहत असेल तर प्रश्न ९ आणि १० पाहा.

४. माझा प्रोब कोणत्या जातीचा आहे हे कसं ओळखू?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे इन्स्टॉलेशन मॅन्युअल. ते हाताशी नसेल तर वायरी आणि मल्टिमीटर पुष्कळ सांगतात. चार जाती वारंवार भेटतात.

प्लॅटिनमचा प्रोब: तापमान वाढलं की रोध वाढतो. पीटी १०० चा रोध ० अंशाला १०० ओहम, २५ ला सुमारे १०९.७ आणि उणे २० ला ९२.२. पीटी १००० मध्ये हेच आकडे दहापट. वायरी दोन, तीन किंवा चार.

थर्मिस्टर: तापमान वाढलं की रोध झपाट्यानं घटतो. सर्रास मिळणारा १० किलोओहमचा थर्मिस्टर २५ अंशाला १० किलोओहम, ० अंशाला सुमारे ३३ आणि ४० ला सव्वापाच किलोओहम दाखवतो.

करंटचा प्रोब, म्हणजे एडी ५९० किंवा त्याच धाटणीचा: दोन वायरी, पण यांना प्लस-मायनस असतं. यातून दर केल्विनला एक मायक्रोअँपिअर वाहतो; ० अंशाला २७३, २५ अंशाला २९८.

डिजिटल प्रोब: यात आकडा घटकातच तयार होतो. होमबिल्ट, म्हणजे मालकानं स्वतः बांधलेल्या विमानांत जास्त दिसतो. त्याच्या खोडी प्रश्न १५ मध्ये.

५. पडद्यावर नुसत्या रेघा आहेत, किंवा भलताच आकडा. त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं, पण आधी प्रोबची जात माहीत हवी. प्लॅटिनमच्या प्रोबची वायर तुटली तर रोध अनंत होतो आणि आकडा वरच्या टोकाला पळतो. शॉर्ट झाला तर खालच्या टोकाला. थर्मिस्टरमध्ये नेमकं उलट: तुटलेली वायर म्हणजे भयंकर थंडी, शॉर्ट म्हणजे भयंकर उकाडा. करंटच्या प्रोबची वायर तुटली की करंट शून्य, म्हणजे शून्य केल्विन, म्हणजे उणे २७३. नव्या एअर डेटा कॉम्प्युटरांना असा आकडा अशक्य आहे हे कळतं, म्हणून ते रेघा किंवा लाल फुली दाखवतात. जुनी घड्याळं भोळेपणानं जे आलं ते दाखवतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा उलट उपयोगच होतो.

तापमानाबरोबर उंची आणि वेगही गेले असतील तर प्रोबला हात लावू नका. दुखणं एअर डेटा कॉम्प्युटरचं, त्याच्या वीजपुरवठ्याचं किंवा त्याच्याकडून पडद्याकडे जाणाऱ्या डेटा लाइनचं आहे. फक्त तापमान आणि खरा हवाई वेग हे दोनच गेले असतील तर मात्र बोट प्रोबकडे किंवा त्याच्या वायरीकडे जातं.

आणि एक साधी गोष्ट: आकडा दुपटी-तिपटीच्या आसपास वाटत असेल तर एकक बघा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर सेल्सियसचं फॅरनहाइट झालेलं कुणाच्या लक्षात येत नाही. २५ चे ७७ झाले तर कळतं, पण गोठणाऱ्या हवेत ० च्या जागी ३२ दिसले की माणूस फसतो.

६. मल्टिमीटरनं प्रोब कसा तपासायचा? पायरीपायरीनं सांगाल का?

प्रमाणित विमानात कनेक्टर सोडवायचं काम अभियंत्याकडून करून घ्या (प्रश्न १८). मास्टर स्विच बंद करा. प्रोबचा कनेक्टर एअर डेटा कॉम्प्युटरच्या बाजूनं सोडवा, म्हणजे प्रोब आणि पूर्ण वायरिंग एकत्र मोजलं जाईल. जोडलेल्या अवस्थेत रोध मोजू नका. कॉम्प्युटरमधलं सर्किट समांतर येतं आणि आकडा खोटा निघतो.

प्लॅटिनमच्या प्रोबसाठी आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२ ते ०.५ ओहम दिसेल. तो पुढच्या रीडिंगमधून वजा करा. पीटी १०० मध्ये १ ओहम म्हणजे जवळजवळ २.६ अंश, त्यामुळे हा अर्धा ओहम सोडून देण्यासारखा नाही. आता रोध मोजा आणि बाजूच्या थर्मामीटरवरच्या तापमानाशी जुळवा. नंतर कुणाला तरी प्रोबचं टोक मुठीत धरायला सांगा. प्लॅटिनमचा आकडा सावकाश चढला पाहिजे, थर्मिस्टरचा उतरला पाहिजे. टप्प्याटप्प्यानं उड्या मारत असेल किंवा मध्येच गायब होत असेल तर जोड सैल आहे.

करंटच्या प्रोबला ओहममध्ये मोजण्यात अर्थ नाही. ९ व्होल्टची बॅटरी, प्रोब आणि अचूक १ किलोओहमचा रेझिस्टर एका मालिकेत जोडा आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघा. जितके मिलिव्होल्ट तितके केल्विन. ३०० मिलिव्होल्ट आले तर २७ अंश. बॅटरीची दिशा मात्र बरोबर हवी.

शेवटी प्रत्येक वायर आणि विमानाचा पत्रा यांच्यातला रोध बघा. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर तिथे काहीही जोडलेलं दिसता कामा नये. काही किलोओहम दिसले तर वायरीचं आवरण कुठेतरी घासलंय किंवा पाणी शिरलंय.

आता हेच मोजमाप प्रोबच्या जवळच्या जोडावर पुन्हा करा. लांबून चूक आणि जवळून बरोबर येत असेल तर दोष मधल्या वायरिंगचा.

७. प्रोब ठीक निघाला. मग एअर डेटा कॉम्प्युटर गेला असं समजायचं का?

थांबा, तो महागाचा निष्कर्ष आहे. आधी प्रोबच्या जागी साधा रेझिस्टर लावा. पीटी १०० साठी १०० ओहमचा अचूक रेझिस्टर लावला की पडद्यावर ० आलं पाहिजे, ११० ओहमचा लावला की २६ च्या आसपास. पीटी १००० साठी १,००० ओहम, थर्मिस्टरसाठी १० किलोओहम म्हणजे २५ अंश. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचा असेल तर पीटी १०० मध्ये अडीच अंशांची चूक त्याच्याच पोटात येते, म्हणून ०.१ टक्क्याचा घ्या किंवा आधी मोजून ठेवा.

हा रेझिस्टर आधी प्रोबच्या टोकाला लावा, मग कॉम्प्युटरच्या तोंडाशी. दोन्हीकडे आकडा बरोबर आला तर कॉम्प्युटर आणि वायरिंग दोन्ही सुटले. फक्त कॉम्प्युटरपाशी बरोबर आला तर वायरिंग दोषी. दोन्हीकडे चुकला तर सेटिंगमध्ये प्रोबची जात तपासा. पीटी १०० लावून मेनूमध्ये दुसरंच काही निवडलेलं असतं. तेही बरोबर असेल, तर आणि तरच कॉम्प्युटर कार्यशाळेत पाठवा.

८. बर्फाच्या पाण्यातली चाचणी घरच्या घरी विश्वासानं करता येते का?

येते, आणि ती फार गुणी चाचणी आहे. पण बर्फ तुकड्यांचा नको, कुटलेला हवा. भांडं काठोकाठ बर्फानं भरायचं आणि फटी भरतील एवढंच पाणी घालायचं. पाणी शक्यतो डिस्टिल्ड, कारण क्षारांनी तापमान शून्याखाली सरकतं. प्रोबचं टोक मधोमध, तळाला आणि कडेला न टेकवता, आणि हलक्या हातानं ढवळत राहायचं. पाच मिनिटांत आकडा ० वर स्थिरावला पाहिजे. अर्धा-एक अंश इकडे तिकडे चालेल. वायरी जिथे आत शिरतात तो भाग पाण्यात बुडवू नका. नाहीतर चांगल्या प्रोबमध्ये प्रश्न १२ मधला आजार तुम्हीच घालाल.

दुसरा बिंदू म्हणून उकळत्या पाण्याचा मोह टाळा. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो, आणि काही प्रोबच्या आतल्या गोंदाला १०० अंश सोसत नाहीत. ४० अंशांचं कोमट पाणी आणि खात्रीचा थर्मामीटर पुरतात.

९. माझा प्रोब नेहमी ४ अंश जास्त दाखवतो. मेनूत उणे ४ चा ऑफसेट टाकला, झालं ना काम?

ही चूक सर्व परिस्थितीत ४ अंशच आहे हे मोजून बघितलं असेल तर हो. दोन बिंदूंवर, म्हणजे बर्फात आणि कोमट पाण्यात, फरक सारखा आला पाहिजे. बर्फात फरक शून्य आणि हवेत ४ असेल तर चूक प्रोबची नसून जागेची किंवा वेगाची आहे, आणि ती दर मिनिटाला बदलते. तिच्यावर ठरावीक ऑफसेट टाकला की एका ठिकाणी बरोबर आणि बाकी सगळीकडे चूक.

दोन वायरींच्या पीटी १०० मध्ये गंजलेली पिनही असंच काम करते. दीड ओहमचा गंज म्हणजे ४ अंश जास्त. त्यावर ऑफसेट टाकलात आणि पुढच्या वर्षी कुणी कनेक्टर साफ केला, की तोच ऑफसेट उणे ४ ची चूक होऊन बसतो. तीन वायरींच्या जोडणीत वायरीचा रोध आपोआप वजा होतो, पण वायरींचा रोध सारखा आहे असं गृहीत धरून. एकाच पिनेवर गंज चढला की ते गृहीतकच मोडतं. थर्मिस्टरच्या हजारो ओहममध्ये एक-दोन ओहम बुडून जातात, तिथे ही शंका घेण्याचं कारण नाही.

१०. चढताना जास्त दाखवतो, समपातळीत आलं की ठीक होतो. असं का?

चढताना नाक वर असतं, वेग कमी असतो, काउल फ्लॅप (इंजिनाची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडे असतात आणि इंजिन पूर्ण ताकदीवर असतं. काउलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातून, निघालेली गरम हवा तेव्हा नेहमीपेक्षा वेगळ्या वाटेनं जाते, आणि त्या वाटेवर तुमचा प्रोब असतो. एक्झॉस्ट, ऑइल कूलर आणि केबिनची हवा बाहेर पडण्याची फट ही तिन्ही ठिकाणं तपासा. समपातळीत दोन मिनिटं काउल फ्लॅप बंद, मग दोन मिनिटं उघडे ठेवून आकडा बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

व्हेंटच्या तोंडाशी बसवलेल्या प्रोबची आणखी एक गंमत: केबिनमधला व्हेंट बंद केला की तिथली हवा थांबते आणि रीडिंग वर सरकतं. प्रोब हलवायचा असेल तर प्रॉपेलरचा झोत आणि इंजिन यांच्यापासून दूर, पंखाखाली, सावलीच्या बाजूला न्या, आणि पत्र्यापासून वेगळा ठेवणारा प्लॅस्टिकचा वॉशर लावा.

११. वेग वाढवला की तापमानही वाढतं. हा दोष आहे का?

नाही, हे भौतिकशास्त्र आहे. समोरून येणारी हवा प्रोबवर थांबते तेव्हा तिची गती उष्णतेत बदलते. १०० नॉटला ही वाढ सुमारे १.३ अंश, १५० ला ३, २०० ला ५.३. खरा हवाई वेग दुप्पट तर वाढ चौपट. प्रत्यक्ष प्रोब यापेक्षा किंचित कमी पकडतो.

काही एअर डेटा कॉम्प्युटर ही वाढ स्वतः वजा करतात, काही कच्चा आकडा तसाच दाखवतात. एकाच उंचीवर, एकाच हवेत, ९० नॉट आणि १५० नॉट अशा दोन वेगांवर तीन-तीन मिनिटं उडा. फरक दोन अंशांच्या जवळपास आला तर दुरुस्ती होत नाहीये. शून्याजवळ आला तर होतेय. उलट दिशेला गेला तर ती दोनदा होतेय. क्रूझमधली वाढ बघून कुणीतरी हातानं ऑफसेट टाकला असेल आणि कॉम्प्युटरही वजा करत असेल, तर क्रूझमध्ये आणि उतरतानाही रीडिंग कमी येईल.

याच चाचणीला जोडून वाऱ्याचा बाणही बघा. तापमान जास्त असेल तर खरा हवाई वेग फुगतो आणि पडदा नसलेला सामोरा वारा दाखवतो. उलट दिशेनं वळल्यावरही तेवढाच सामोरा वारा जास्तीचा दिसला तर तो वारा पडद्यातलाच. मात्र पिटो-स्टॅटिकच्या (वेग आणि उंचीसाठी हवेचा दाब घेणाऱ्या यंत्रणेच्या) चुकीमुळेही असंच होतं, म्हणून एकट्या प्रोबवर खापर फोडू नका.

१२. पावसानंतर किंवा विमान धुतल्यावर दोन दिवस चुकीचं दाखवतो, मग आपोआप बरा होतो. असं का?

पाणी शिरतंय. करंटच्या प्रोबमध्ये ओलावा दोन वायरींमधून चोरून करंट नेतो आणि रीडिंग जास्त येतं. थर्मिस्टरमध्ये ओलावा समांतर रोध बनतो आणि तिथेही जास्तच येतं. पीटी १०० चा रोध मुळातच कमी असल्यानं त्याला फारसा फरक पडत नाही, म्हणून पावसाळी तक्रार असली की मी आधी प्रोबची जात विचारतो.

कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट पूड दिसली तर ओलावा तिथूनच येतो. वायर कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, आत जाणार नाही. प्रोबच्या मागचं सील तडकलं असेल तर मात्र प्रोबच बदला. वरून सिलिकॉन थापलं तर आधीच आत गेलेलं पाणी कोंडलं जातं.

१३. ढगातून बाहेर आलो की तापमान दोन अंश घसरतं. आणि एकदा बर्फ साचत असताना आकडा ० वरच चिकटला होता. प्रोब खराब आहे का?

दोन्ही वेळा प्रोब प्रामाणिकपणे त्याला जाणवलेलं सांगत होता. ओला प्रोब कोरड्या हवेत आला की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि तो खऱ्यापेक्षा गार होतो; वाळला की पूर्ववत. पाणी प्रोबवर गोठत असताना उष्णता सोडतं, म्हणून हवा उणे ४ असली तरी आकडा शून्याजवळ रेंगाळतो. अशा वेळी आकड्याकडे नाही, पंखाच्या कडेकडे बघा.

१४. रेडिओवर बोललो की आकडा उडी मारतो. लँडिंग लाइट लावली तरी. हे कसं थांबवायचं?

दोन वेगळी दुखणी आहेत. बोलताना उडी म्हणजे रेडिओची ऊर्जा वायरीत शिरतेय. प्रोबची वायर अँटेनाच्या कोॲक्स केबलला खेटून बांधलीय का बघा, आणि शील्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टोकालाच अर्थ केलीय का तेही. बहुधा एकच टोक अर्थ करायचं असतं. दोन्ही केली तर ती स्वतःच वायर बनते. शांत फ्रिक्वेन्सीवर, आधी ऐकून, पट्ट्याच्या खालच्या आणि वरच्या टोकाला छोटीशी चाचणी करा. एकाच टोकाला उडी येत असेल तर वायरीची लांबी त्या फ्रिक्वेन्सीशी जुळतेय.

लाइट लावल्यावरचा बदल म्हणजे अर्थिंग सामायिक आहे. लाइटचा मोठा करंट ज्या अर्थ-वायरीतून परततो तीच प्रोबचीही असेल तर तिथे पडलेले काही मिलिव्होल्ट प्रोबच्या खात्यात जमा होतात. दर अंशाला १० मिलिव्होल्ट देणाऱ्या प्रोबला २० मिलिव्होल्टची गडबड म्हणजे २ अंश. प्रोबचा परतीचा मार्ग थेट कॉम्प्युटरच्या पिनेवर न्या.

१५. होमबिल्टमधला माझा डिस्प्ले ८५ वरच अडकतो. मित्राचा उणे १२७ दाखवतो. का?

डीएस१८बी२० हा डिजिटल घटक वीज मिळताच ८५ अंश हा आकडा तयार ठेवतो. पहिलं मोजमाप पूर्ण झालं की खरा येतो. सतत ८५ म्हणजे मोजमाप पूर्णच होत नाहीये. वीज कमी पडतेय, मध्ये तुटतेय किंवा प्रोग्रॅम घाई करतोय. उणे १२७ हे त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचं "सेन्सर सापडला नाही" असं म्हणणं आहे. वायर बघा, आणि डेटा लाइनवरचा पुल-अप रेझिस्टर, सहसा ४.७ किलोओहम, जागेवर आहे ना तेही.

१६. वार्षिक तपासणीहून विमान परत आलं आणि ओएटी गेला. योगायोग?

क्वचितच. प्रोब पंखाच्या तपासणी झाकणावर असेल तर झाकणाचे स्क्रू काढल्यावर ते झाकण प्रोबच्या वायरींवर लोंबकळत राहतं. एका विमानाखाली आडवा पडून मी हे पाहिलंय: तळहाताएवढं ॲल्युमिनियमचं झाकण वाऱ्यानं हलकेच फिरत होतं आणि दोन बारीक वायरी पीळ खात होत्या. बाहेरचं आवरण शाबूत, आतली तार क्रिम्पच्या, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेल्या पिनेच्या, तोंडाशी तुटलेली. हातानं हलकंच ओढल्यावर आवरण रबरासारखं ताणलं गेलं, तेव्हा कळलं. म्हणून क्रिम्प केलेली प्रत्येक पिन ओढून बघा, आणि झाकण काढण्यापूर्वी त्याला दोरीचा आधार द्या. रंगकाम झालं असेल तर प्रोबवर रंगाचा थर किंवा विसरलेली चिकटपट्टी नाही ना, तेही बघा.

१७. दोन प्रोब आहेत आणि दोघांत ३ अंशांचा फरक. खरा कोणता?

बी श्रेणीच्या प्लॅटिनम घटकाला ० अंशाला अधिक-उणे ०.३ अंश एवढीच मोकळीक असते, त्यामुळे ३ अंश घटकाच्या नावावर टाकता येत नाहीत. दोन्ही एकाच बर्फाच्या भांड्यात ठेवा. तिथे जुळले तर फरक जागेचा. मग सकाळच्या शांत हवेत चारही दिशांना दोन-दोन मिनिटं उडा. ज्याचा आकडा सूर्याच्या बाजूनुसार बदलतो त्याला ऊन लागतंय. बहुतेक वेळा कमी दाखवणारा खऱ्याच्या जवळ असतो, कारण प्रोबला गरम करणारी कारणं अनेक आणि गार करणारी थोडी. पण हा अंदाज आहे, बर्फाची चाचणी हा पुरावा.

१८. दुरुस्त होईपर्यंत उडू शकतो का? आणि काम मी स्वतः करू का?

पहिल्याचं उत्तर तुमच्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमधल्या आवश्यक उपकरणांच्या यादीत आहे; ती प्रत्येक विमानाची आणि उड्डाणाच्या प्रकाराची वेगळी. यादीत नसेल तरी आकड्यावर "बंद" अशी चिठ्ठी लावा, नोंद करा, टेकऑफचं गणित विमानतळाच्या अहवालावरून मांडा आणि दृश्य ओलावा असलेल्या थंड हवेपासून दूर राहा. कार्ब्युरेटरच्या इंजिनात तर २० अंशांच्या दमट हवेतही बर्फ धरतो, त्यामुळे थंडीच नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसऱ्याचं: पाहणं आणि नोंदी करणं तुम्ही करा, पण प्रमाणित विमानात कनेक्टर सोडवणं, वायर जोडणं, प्रोब बदलणं आणि त्यावर सही करणं हे परवानाधारक अभियंत्याचं काम. तुमच्या मोजमापांचा कागद त्यांच्या हातात दिलात तर त्यांचे तास वाचतात. दुसऱ्या बनावटीचा "तसाच दिसणारा" प्रोब लावू नका. दोन वायरींचे प्रोब बाहेरून सारखेच दिसतात आणि आतून चार जातींचे असू शकतात (प्रश्न ४).

१९. सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं, तरी महिन्यातून एकदा चुकतो. आता काय?

डेटा लॉग उतरवून घ्या. बहुतेक नवे पडदे दर सेकंदाची नोंद ठेवतात. तापमान, उंची, वेग आणि बसचं व्होल्टेज एका आलेखावर काढा आणि चुकीची सुरुवात शोधा. आकडा एका सेकंदात १५ अंश उडाला असेल तर तो विजेचा दोष, कारण एवढ्या वेगानं धातूची नळी तापतच नाही. सैल पिन, तुटकी तार, अर्थ. दोन-तीन मिनिटांत वळण घेत सरकला असेल तर कुठून तरी उष्णता किंवा पाणी पोचतंय. त्या क्षणी व्होल्टेजही हललं का, चढ सुरू झाला होता का, पाऊस लागला होता का, हे शेजारच्या रेघांवर दिसेल. तीन उड्डाणांचे आलेख एकाखाली एक ठेवा. उडी दरवेळी चाकं जमिनीला टेकल्याच्या सेकंदालाच येत असेल, तर पुन्हा पंखाखाली जा आणि पिना एकेक करून ओढून बघा.